होयाच्या पानाआड दडलेले पांढरे संकट

गॅलरीत टांगलेल्या कुंडीतला होयाचा वेल पहिल्यांदा फुलतो, तो दिवस त्या घरात सहसा विसरला जात नाही. फांदी लावल्यापासून तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ हा वेल नुसतीच पाने काढत राहतो. मग एखाद्या उन्हाळी संध्याकाळी मेणाने घडविल्यासारख्या चांदण्यांचा गुच्छ उमलतो आणि रात्री त्याचा गोडसर दरवळ खोलीभर पसरतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्या पानाच्या देठापाशी कापसाचा बारीकसा पुंजका दिसू लागतो. कुठून तरी कापूस उडून आला असावा, अशा समजुतीने त्याकडे दुर्लक्ष होते. पंधरा दिवसांत एकाचे पाच पुंजके होतात. महिनाभराने कळ्या गळू लागतात, पाने चिकट होतात आणि मुंग्यांची रांग कुंडीपर्यंत येऊन पोहोचते.

यानंतर बहुतेक घरांत दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर कंटाळून तो वेल कुंडीसकट कचऱ्यात जातो, किंवा कोपऱ्यावरच्या नर्सरीतून एखादे 'जालीम औषध' आणून बंद गॅलरीत त्याचा सढळ हाताने फवारा मारला जातो. वास्तविक या दोन्हींची क्वचितच गरज असते. होयावरील कीड घरच्या घरी, साध्या साधनांनी आटोक्यात येते. मात्र ती एका फवारणीत जात नाही. किडीच्या जीवनचक्राएवढा काळ चिकाटीने तिच्या मागे लागावे लागते. जेथे ही चिकाटी संपते, तेथेच विषाची बाटली घरात शिरते.

रुईच्या कुळातला वेल

होया हे नाव थॉमस हॉय या इंग्रज माळ्यावरून पडले. इंग्लंडमधील सायन हाऊस येथे नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या बागेची व्यवस्था तो पाहत असे. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये या प्रजातीला त्याचे नाव दिले. होयाच्या काही शे जाती असून त्या मुख्यतः आशियाच्या उष्ण प्रदेशात आढळतात. घरोघरी दिसणारी होया कार्नोसा ही त्यांपैकी सर्वांत जुनी आणि सोशिक जात होय. आपला सह्याद्रीही याला अपवाद नाही. होया वाइटी ही जात पश्चिम घाटातील झाडांच्या खोडांवर चढलेली दिसते. प्रेमाची भेट म्हणून कुंडीत एकच हृदयाच्या आकाराचे पान खोचून विकले जाते, तीही होयाचीच एक जात, होया केरी. (पेराशिवाय लावलेले ते पान वर्षानुवर्षे तसेच एकटे राहते, त्याचा वेल होत नाही, ही गोष्ट विकणारा सांगत नाही.)

किडीच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे होयाचे कूळ. रुई, कण्हेर, सदाफुली, देवचाफा ही सारी मंडळी त्याच कुळातील. फांदी तोडली की पांढरा चीक येतो, ही या कुळाची ओळख. त्यामुळे या झाडांवर येणाऱ्या काही किडी होयालाही आपलेसे करतात. त्यातच होयाची पाने जाड, रसदार आणि वर्षानुवर्षे टिकणारी. रस शोषणाऱ्या किडीला याहून चांगले कोठार कोणते?

२०२० च्या टाळेबंदीत घरातील झाडांचा छंद वाढला आणि होयाला अनेक नवे चाहते मिळाले. समाजमाध्यमांवरून फांद्यांची खरेदी-विक्री सुरू झाली आणि एका गॅलरीतली कीड पार्सलमधून दुसऱ्या शहरात पोहोचण्याची सोयही झाली.

कापूस नव्हे, पिठ्या ढेकूण

होयाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्ष, सीताफळ, जास्वंद यांवर येणाऱ्या या किडीची शेतकऱ्यांना चांगलीच ओळख आहे. शहरातल्या बागप्रेमींना ती 'मिलीबग' या नावाने अधिक परिचित आहे. तीन-चार मिलिमीटर लांबीचा, मऊ, गुलाबी-पिवळसर अंगाचा हा किडा स्वतःभोवती पांढरे मेण पसरवतो. हे मेण म्हणजे त्याचे चिलखतच. त्यावर पाणी ठरत नाही आणि पाण्यात मिसळलेले औषधही ओघळून जाते.

लिंबूवर्गीय झाडांवरून नाव पडलेल्या पिठ्या ढेकणाची मादी कापसासारख्या पिशवीत काही शे अंडी घालते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत ती फुटतात आणि उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले वेलावर पांगतात. साधारण महिनाभरात त्यांच्यातील माद्या अंडी घालण्यास तयार होतात. लांब शेपटीचा पिठ्या ढेकूण तर अंड्यांची पिशवीही करीत नाही, तो थेट पिल्लांनाच जन्म देतो. म्हणजे 'कापूस दिसत नाही, तेव्हा कीड गेली' हा निष्कर्ष फसवा ठरतो.

ही कीड दडते कोठे, हे ठाऊक असणे औषधाच्या नावाहून महत्त्वाचे आहे. पानाचा देठ खोडाला मिळतो ती बेचकी, पानामागची मधली शीर, वेल तारेच्या कड्याभोवती गुंडाळला असेल तर दोन फांद्यांच्या मधली फट, कुंडीच्या कडेचा आतला काठ आणि टांगण्याच्या हुकाची खाच, ही तिची ठरलेली ठिकाणे. होयात यात आणखी एकाची भर पडते. ती म्हणजे फुलदांडा. बहुतेक होयांमध्ये फुले गळाली तरी फुलदांडा तसाच राहतो आणि पुढच्या हंगामात त्याच्याच टोकावर पुन्हा कळ्या येतात. म्हणूनच जुना फुलदांडा कापू नये, असे जाणकार बजावतात. पण त्या दांड्याच्या खडबडीत टोकाला असलेल्या बारीक खाचा पिठ्या ढेकणाला लपण्यासाठी अगदी सोयीच्या पडतात. ज्या जागेवर पुढच्या वर्षीची फुले अवलंबून, तीच किडीचा अड्डा! होया सांभाळणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. दांडा कापला की त्या जागचे फूल गेले, आणि ठेवला तर रोज तपासणे आले. वेल लहान असेल आणि फुलदांडे दोन-चारच असतील, तर ते ठेवून स्वच्छ करणे परवडते. दांड्यावर किडीचे थरच्या थर बसले असतील, तर तेवढा एक कापून टाकण्यातच शहाणपण असते.

पांढरे दिसले की पिठ्याच, असेही नाही. होया प्युबिकॅलिक्ससारख्या काही जातींच्या पानांवर जन्मजात रुपेरी शिंतोडे असतात. नखाने खरवडले तरी ते जात नाहीत. फुलांतून गळणारे मधाचे थेंब हाही नैसर्गिक प्रकार आहे, त्यामुळे फुलाखालचे पान चिकट झाले तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र वेलावर एकही फूल नसताना पाने, फरशी किंवा खिडकीची काच चिकट होऊ लागली, तर वर कोठेतरी रस शोषणारी कीड बसली आहे, असे खुशाल समजावे. या चिकट द्रवावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते. ती पुसून टाकली तरी कीड असेपर्यंत पुन्हा येते.

स्पिरिट, कापूस आणि सहा रविवार

कीड दिसताच पहिले काम म्हणजे कुंडी इतर झाडांपासून दूर नेणे. औषधाचा विचार त्यानंतर. पिल्ले एका झाडाचे पान दुसऱ्याला टेकले असेल तर सहज पलीकडे जातात, आणि माणसाच्या हाताला, कपड्यांना चिकटूनही प्रवास करतात. आजारी झाडाला सर्वांत शेवटी हात लावावा, हा साधा नियम रुग्णालयाप्रमाणे बागेतही लागू पडतो.

त्यानंतर औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करण्याच्या कापसाच्या काड्या एवढेच साहित्य पुरते. अल्कोहोलने मेणाचे आवरण विरघळते आणि खालचा किडा मरतो. प्रथम एका पानावर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. पानावर डाग पडला नाही, तरच पुढे जावे. काडी भिजवून प्रत्येक बेचकी, प्रत्येक फुलदांडा, पानाची मागची बाजू असे सावकाश पुसत न्यावे. हे काम उन्हात करू नये. अल्कोहोल झटकन पेट घेते, म्हणून गॅसची शेगडी, उदबत्ती किंवा देवापुढचे निरांजन जवळ असताना तर मुळीच नको.

पुसून झाल्यावर वेल न्हाणीघरात नेऊन पाण्याच्या जोरदार धारेने पानांच्या दोन्ही बाजू धुवाव्यात. कुंडीतील माध्यम भिजू नये म्हणून तिच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी बांधली की झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साबणाच्या पाण्याची फवारणी करावी. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे पाच मिली, सौम्य द्रवरूप साबण पुरेसा होतो. बागेसाठी मिळणारा पोटॅशियमचा साबण असल्यास उत्तम. कपडे धुण्याची पावडर मात्र कटाक्षाने टाळावी, कारण किडीबरोबर ती पानावरचा मेणाचा नैसर्गिक थरही काढून टाकते. याच पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल घोटून मिसळता येते. ते घोटून एकजीव झाले नाही, तर तेल वर तरंगते आणि फवाऱ्याच्या शेवटच्या घोटात सारे एका पानावर पडते. तेल लागलेला वेल उन्हात राहिला, तर पाने करपतात. कडुनिंबाचा परिणाम मंद असतो. किड्यांचे खाणे आणि वाढ त्याने मंदावते, तासाभरात ते मरून पडत नाहीत. त्यामुळे 'निंबोळीने काही झाले नाही' ही तक्रार बहुधा दुसऱ्याच दिवशी केलेली असते.

सर्वांत महत्त्वाचा भाग यापुढे येतो. पिशवीतील अंडी पहिल्या फेरीत पूर्णपणे मरत नाहीत. ती पुढील आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दर सात दिवसांनी हीच पाहणी, हेच पुसणे आणि हीच फवारणी किमान सहा आठवडे करावी लागते. तिसऱ्या आठवड्यात वेल स्वच्छ दिसू लागतो आणि तेथेच बहुतेकांचा उत्साह ओसरतो. दोन महिन्यांनी कीड 'पुन्हा आली' असे वाटते, प्रत्यक्षात ती कधी गेलेलीच नसते. सहा रविवारांची कॅलेंडरवर खूण करून ठेवणारी मंडळी या लढाईत बहुधा जिंकतात.

मातीखालचा चोर

काही वेळा पानांवर काहीच दिसत नाही, तरी वेल खुरटतो. पाणी घातले तरी पाने सुरकुतलेली राहतात. असे लक्षण तहानेमुळे किंवा मुळे कुजल्यामुळेही दिसते, म्हणून अंदाजावर न जाता वेल कुंडीतून अलगद बाहेर काढून पाहावा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी, मेणचट भुकटी आढळली, तर मुळांवरच्या पिठ्या ढेकणाने तेथे घर केले आहे. माध्यमात मिसळलेले परलाइटचे पांढरे खडे कठीण असतात, ही भुकटी मात्र बोटाने पसरते.

अशा वेळी जुने माध्यम पूर्ण काढून पिशवीत बांधून टाकावे. ते दुसऱ्या कुंडीत 'खत होईल' म्हणून घालण्याची काटकसर महाग पडते. मुळे नळाखाली धुवावीत, सौम्य साबणाच्या पाण्यातून काढावीत, कुंडी गरम पाण्याने घासावी आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, झाडाची साल व परलाइट अशा मोकळ्या मिश्रणात वेल पुन्हा लावावा. पिल्ले निथळणाऱ्या पाण्यातून पसरतात, म्हणून अनेक कुंड्या एकाच थाळीत ठेवण्याची पद्धतही सोडणे बरे.

मारुतीच्या रुईवरचा पिवळा मावा

शनिवारी मारुतीला वाहायची रुईची पाने तोडताना पानामागे पिवळ्याधमक किड्यांची दाटी अनेकांनी पाहिली असेल. काळ्या पायांचा हा मावा कण्हेरीवरही येतो आणि होयाच्या कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवरही. त्याच्यात जवळजवळ सर्व माद्याच असतात. नराशिवाय त्या थेट पिल्लांना जन्म देतात, त्यामुळे आठवड्याभरात एका शेंड्याची पिवळी काडी होते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये तो स्वतःच्या शरीरात साठवतो आणि त्याचा भडक रंग हा भक्षकांना दिलेला इशारा असतो.

दिसायला भयंकर असला, तरी हटवायला हा मावा सर्वांत सोपा. त्याच्यावर मेणाचे चिलखत नाही. पाण्याची धार, बोटांनी पुसणे आणि दोन-तीनदा साबणाचे पाणी एवढ्याने तो जातो. फक्त घाईत शेंडा छाटू नये. होया आधी लांबलचक, बिनपानांची दोरीसारखी फांदी काढतो आणि मग तिच्यावर पाने येतात. तीच फांदी पुढे फुलते. गॅलरीत कण्हेर असेल किंवा खाली मोकळ्या जागेत रुई वाढलेली असेल, तर उन्हाळ्यापूर्वी होयाच्या शेंड्यांवर नजर ठेवावी.

खोडाला मोहरीएवढे तपकिरी फुगवटे चिकटलेले दिसले, तर ती खवले कीड. ती जागची हलत नाही, त्यामुळे तो झाडाचाच भाग वाटतो. नखाने अलगद निघून येतो तो किडा, न निघणारा वेलाचा डोळा. जुन्या, मऊ दात घासण्याच्या ब्रशला साबणाचे पाणी लावून घासणे हाच यावर खात्रीचा उपाय. पिल्ले फिरती असतात तेवढ्या दिवसांतच फवारणीचा उपयोग होतो.

मुंग्यांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. आग्नेय आशियाच्या जंगलांत होयाच्या काही जाती मुंग्यांशी सख्य करून राहतात. होया इंब्रिकाटाच्या खोडाला चिकटलेल्या पानांखाली तर मुंग्यांची घरे असतात. गॅलरीतल्या मुंग्या मात्र चिकट द्रवासाठी येतात, त्या बदल्यात मावा आणि पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात. मुंग्यांची रांग थांबवली नाही, तर वर केलेली मेहनत निम्मी वाया जाते.

आठ पायांचे पाहुणे

मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत आणि वातानुकूलित खोल्यांत वर्षभर लाल कोळी डोके वर काढतो. पानाची चमक जाते, त्यावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके पडतात आणि पुढे बारीक जाळी दिसते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारली आणि कागदावर धुळीचे कण चालू लागले, तर शंका उरत नाही. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे कीटकनाशकांपैकी अनेक औषधांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी अधिकच माजतो. तापलेल्या हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून पाने धुण्यातील अंतर तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नसावे.

जाणकार संग्राहकांची झोप उडवतो तो मात्र चपटा कोळी. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर, जाळे नाही, चालही मंद. नवी पाने वेडीवाकडी येतात, कळ्या सुकतात, पानांवर व देठांवर खरबरीत तपकिरी डाग पडतात आणि महिनोन्महिने कारणच कळत नाही. यावर पाण्यात मिसळणारे गंधक उपयोगी पडते. द्राक्षावरील भुरीसाठी नाशिक-सांगलीचे बागायतदार वापरतात तेच. ८० टक्क्यांची भुकटी लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, पानाच्या मागील बाजूसही लागेल अशी फवारतात. येथे दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक वापरू नये आणि तेलाची फवारणी झाली असल्यास किमान दोन-तीन आठवडे गंधकाला हात लावू नये, कारण तेल व गंधक एकत्र आले की पाने भाजतात. भुकटी मिसळताना नाका-तोंडावर मास्क असावा.

बिनलेबलची बाटली

आता त्या 'जालीम औषधा'विषयी. शेतीसाठीचे कीटकनाशक मोठ्या बाटलीतून छोट्या, बिनलेबलच्या बाटलीत ओतून 'बुचभर घाला' असे सांगत देण्याची पद्धत काही ठिकाणी अजूनही आहे. लेबलाशिवाय कीटकनाशक विकणे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याला धरून नाही. पण कायद्याहूनही मोठा प्रश्न जागेचा आहे. शेतातील फवारणी मोकळ्या हवेत होते. गॅलरीच्या एका बाजूला स्वयंपाकघराची खिडकी असते, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे. मोकळ्या शेतातही काय होऊ शकते, हे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तेथे वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांना प्राण गमवावे लागले.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार डायक्लोरव्हॉस आणि फोरेट यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. यांपैकी फोरेटचे दाणे कुंडीच्या मातीत टाकण्याचा आणि डायक्लोरव्हॉस फवारण्याचा सल्ला जुन्या बागकामाच्या वह्यांत सापडेल. तो आता रद्द समजावा, आणि घरात जुनी बाटली पडून असेल तर ती वापरून 'संपवण्याचा' मोह टाळावा.

प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी. हिरवा याचा अर्थ निरुपद्रवी असा नव्हे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे पिठ्या ढेकणावर गुणकारी आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती वेलाच्या रसात भिनतात आणि तेथून फुलाच्या मधातही उतरू शकतात. होयाच्या फुलांतून मधाचे थेंब अक्षरशः ओघळत असतात आणि मधमाश्यांना ही औषधे घातक आहेत. शिवाय कोळ्यावर त्यांचा उपयोग नाही. चार कुंड्यांच्या बागेत, हाताने पुसता येण्याजोग्या वेलासाठी हा सौदा फायद्याचा वाटत नाही.

ज्याला मारतो, तो मित्र तर नव्हे?

विषारी फवाऱ्याचा आणखी एक तोटा असा, की मदतीला आलेलेही त्यात मरतात. क्रिप्टोलेमस नावाचा काळपट पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा ढालकिडा हा पिठ्या ढेकणाचा कर्दनकाळ. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा १८९८ मध्ये कॉफीवरील खवले किडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला. आज महाराष्ट्रातील द्राक्षबागांमध्येही तो पिठ्या ढेकणासाठी सोडला जातो. गंमत अशी, की त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते, अंगावर तशाच पांढऱ्या मेणाच्या झालरी! त्यामुळे अनेक उत्साही बागप्रेमी स्पिरिटचा बोळा घेऊन नेमकी तिलाच टिपतात. फरक आकाराचा आणि चालीचा आहे. अळी पिठ्याच्या तिप्पट मोठी होते, झालरी लांब असतात आणि ती भराभर चालते. असा 'मोठा पिठ्या' एकटाच फिरताना दिसला, तर त्याला त्याचे काम करू द्यावे आणि त्या आठवड्यात फवारणी थांबवावी.

नवा वेल आणताना

कीड घरात येते ती बहुतेकदा नव्या रोपाबरोबर. म्हणून कितीही निरोगी दिसला, तरी नवा वेल किमान चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा आणि या काळात दर आठवड्याला भिंगातून बेचक्या पाहाव्यात. परदेशातून फांद्या आणण्याचा मोह अलीकडे वाढला आहे. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. बॅगेत, कपड्यांच्या घडीत लपवून आणलेली फांदी एका घराचाच नव्हे, तर बाहेरच्या शेतांचाही प्रश्न होऊ शकते. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर परिसरात प्रथम नोंदला गेला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोहोचला. तो आटोक्यात आणण्यासाठी २०१० मध्ये त्याचे परजीवी कीटक परदेशातून मागवावे लागले.

एवढे करूनही वेल हाताबाहेर गेला, मुळे आणि खोड दोन्ही किडीने व्यापले, तर सारे टाकून देण्याआधी एक मार्ग उरतो. वेलाच्या टोकाकडील सर्वांत स्वच्छ भागाचे दोन-दोन पेरांचे तुकडे कापावेत. वाहणारा चीक पाण्याने धुऊन टाकावा, तुकडे स्पिरिटच्या बोळ्याने पुसून साबणाच्या पाण्यात बुडवून काढावेत आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. दिवसभर सावलीत सुकल्यावर ते ओल्या शेवाळात किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवले, तर उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पेरांशी मुळे फुटतात. हे तुकडे जुन्या जागी नेण्याची घाई करू नये. तोवर गॅलरीतली कुंडी, टांगण्याची साखळी, हुक आणि भिंतीची ती फट नीट घासून घ्यावी. वेल गेल्यावरही पिठ्याची एखादी मादी त्या हुकाच्या खाचेत अंड्यांची पिशवी घेऊन बसलेली सापडते.